गोष्टीचा गेम मराठीत करायचाय, साधन कोणतं घेऊ?

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. वर्गातल्या मुलांनी मिळून जुन्या वाड्याची एक गोष्ट रचली आहे. माळ्यावर चढायचं की विहिरीकडे जायचं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. मोबाइलवर खेळता येईल असा त्याचा गेम करायचा आहे. चित्रं नकोत, फक्त शब्द. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. कुणी ट्वाइन सुचवतं, कुणी इन्फॉर्म, कुणी इंक. काय घेऊ?

उत्तर : बाई, ट्वाइन घ्या. का, ते सविस्तर सांगतो, कारण यात अडचण आपल्या मराठीच्या बाजूने येते आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

शब्दांच्या गेमची एक जुनी जात आहे. तिच्यात खेळणारा स्वतः आज्ञा टाइप करतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत विल क्राउदर यांनी केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून असा गेम आपल्या मुलींसाठी रचला आणि १९७७मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला. इन्फॉर्म हे त्याच परंपरेतलं साधन. ग्रॅहम नेल्सन यांनी ते १९९३मध्ये केलं. २००६च्या आवृत्तीपासून तर त्यात सरळ इंग्रजी वाक्यांत गेम लिहिता येतो. स्वयंपाकघर ओसरीच्या उत्तरेला आहे, असं इंग्रजीत लिहायचं की खोल्या जोडल्या गेल्या. फार सुंदर कल्पना आहे ही.

पण मराठीत काय होतं बघा. मी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या यात घातल्या. ‘कंदील घे’ इथपर्यंत ठीक चाललं. पुढे खेळणारा ‘कंदिलात तेल घाल’ म्हणतो. कंदीलचा कंदिला झाला, म्हणजे यंत्राच्या लेखी ही वस्तूच वेगळी. विहीर–विहिरीत, माळा–माळ्यावर, चूल–चुलीपाशी, प्रत्येक वस्तूचं सामान्यरूप वेगळं शिकवायचं. त्यात कुणी ‘कंदीलात’ असं दीर्घ लिहितं, कुणी ‘किल्ली’ म्हणतं, कुणी ‘चावी’. मुलाने बरोबर विचार करावा आणि गेमने ‘समजलं नाही’ म्हणावं, हे मला फार लागतं. सातवीतलं पोर तिसऱ्या वेळी मोबाइल खाली ठेवतं.

ट्वाइनमध्ये खेळणारा टाइप करत नाही, शब्दावर बोट ठेवतो. क्रिस क्लिमस यांनी २००९मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. पडद्यावर चौकोनी कप्पे दिसतात, एकेका कप्प्यात एकेक प्रसंग. लिहिता लिहिता दुहेरी चौकटी कंसात [[जिन्यावरून वर जा->माळा]] असं टाकलं की ‘माळा’ नावाचा नवा कप्पा आपोआप तयार होतो आणि तिथपर्यंत बाण जातो. देवनागरी अक्षरं ब्राउझर दाखवतो, त्यामुळे जोडाक्षरं फुटत नाहीत. शेवटी सगळा गेम एका एचटीएमएल फाइलमध्ये मिळतो. ती इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळावर फुकट चढवा आणि पालकांना दुवा पाठवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ब्राउझरमधल्या ट्वाइनमध्ये केलेलं काम त्याच ब्राउझरच्या पोटात राहतं. मी लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता, दुकानातल्या मुलाने ब्राउझरचा डेटा पुसून दिला आणि माझे चाळीस कप्पे गेले. संगणकावर उतरवून घेण्याची आवृत्तीही आहे. ती डॉक्युमेंट्समध्ये फाइल ठेवते. तीच वापरा, आणि रोज शाळा सुटताना एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

आता भाषेचं. गेम खेळणाऱ्याशी बोलतो, म्हणजे ‘तू’ आलंच. ‘तू माळ्यावर गेलास’ लिहिलं की वर्गातल्या मुली बाहेर राहिल्या. गेमच्या सुरुवातीला विचारून ‘गेलास’ की ‘गेलीस’ ते बदलता येतं, पण प्रत्येक वाक्यात ते सांभाळणं जड जातं. त्यापेक्षा वाक्यच फिरवा. ‘तू किल्ली उचललीस’ मुलालाही चालतं, मुलीलाही, कारण तिथे क्रियापद किल्लीच्या मागे जातं. ‘तुम्ही आत गेलात’ हेही दोघांना चालतं. मुलांना हे शोधायला लावा. क्रियापदाच्या प्रयोगांचा याहून चांगला तास मी तरी घेतलेला नाही.

इंक वाईट नाही. केंब्रिजच्या इंकल कंपनीने ते २०१६मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्यात सगळी गोष्ट एका लांबलचक लेखासारखी लिहिली जाते. संवाद भरपूर असतील, फाटे फुटून पुन्हा एकत्र येत असतील, तर त्याला तोड नाही. पण वीस-पंचवीस मुलांना बाण डोळ्यांना दिसायला हवेत. पुढच्या वर्षी दोघा-तिघांना गोडी लागली, तर त्यांना इंक द्या.

सुरुवात मात्र संगणकावर करू नका. पाठकोऱ्या कागदांवर एकेक प्रसंग लिहून व्हरांड्यात मांडा, सुतळीने जोडा आणि गोष्ट माहीत नसलेल्या सहावीतल्या एखाद्या मुलाला त्यावरून चालवा. विहिरीपाशी पोचून त्याने ‘आता परत कसं जाऊ?’ असं विचारलं, तर तिथे एक सुतळी कमी पडली आहे.