पाळी गेल्यावरची ‘नॅचरल’ औषधं: तुमचे प्रश्न

हल्ली निम्मे मेसेज एकाच गोष्टीचे येतायत, डॉक्टर हॉर्मोनची गोळी नको, झाडपाल्याचं काहीतरी सांगा. चार घेते.

सोयाबीन खाऊन अंगातल्या गरम वाफा कमी होतात का? (४९, डिचोली)

काहीजणींना थोडा फरक पडतो, सगळ्यांना नाही. खायचं तर खुशाल खा. आयसोफ्लेव्होनच्या (सोयातला हॉर्मोनसारखा घटक) कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नको, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोया यांच्यात चारेक तास जाऊ देत.

इव्हनिंग प्रिमरोज ऑइल? फार्मसीवाला म्हणतो बेस्ट. (५१, म्हापसा)

वाफांवर उपयोग होतो असा पुरावा नाही. बेस्ट असेल ते त्याचं मार्जिन.

पाळी जाऊन दीड वर्ष झालं. जावेने शतावरीची पावडर दिली, ती घ्यायला लागल्यापासून परत थोडं थोडं लाल दिसतंय. ती म्हणते लागू पडली, शरीर परत तरुण होतंय. गणेशचवथ झाली की दाखवू का? (५३, फोंडा)

नाही ताई, याच आठवड्यात दाखवा. सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, त्यानंतर चड्डीला एक डाग जरी लागला तरी ती पाळी नव्हे, ते ब्लीडिंग आणि त्याचं कारण शोधायचंच. बहुतेकींचं कारण साधं निघतं, आतलं अस्तर सुकलेलं असतं नाहीतर पॉलिप (अस्तराची छोटी वाढ) असतो, पण काहीजणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असतो आणि तो सुरुवातीला फक्त असाच डाग दाखवतो, दुखत नाही काही नाही, म्हणूनच बायका गणपतीवरची माटोळी उतरेपर्यंत थांबतात, मग दिवाळी, मग मुलीचं लग्न. लवकर सापडला तर बहुतेकदा ऑपरेशनने बरा होतो हो! सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, ४ मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटललाच जायला हवं असं नाही, जवळची गायनॅक चालेल. पावडर बंद करा, डबा सोबत न्या. आणि जावेला सांगा, तरुण बिरुण कोणी होत नसतं.

ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. वाफांसाठी ऑनलाइन ब्लॅक कोहोश (एक मुळी) मागवलंय, नॅचरलच आहे ना? (४७, मडगाव)

बाटली उघडू नका. त्याने लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, आणि तुमच्या बाबतीत ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरला) विचारल्याशिवाय काहीच नाही, जवससुद्धा औषध म्हणून नाही. वाफांवर हॉर्मोन नसलेल्या गोळ्या आहेत, पण त्यातली पॅरोक्सेटिनसारखी एखादी टॅमॉक्सिफेनचा परिणामच कमी करते, तेव्हा लिहून देणाऱ्याला टॅमॉक्सिफेनची चिठ्ठी आधी दाखवा.