डीवेटिंग: थर फाटतो, तुटतो की फुटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पॉलिमरच्या पातळ थरांवर मराठीत लेख लिहितेय. डीवेटिंगला मी 'निर्जलीकरण' लिहिलं होतं, संपादक म्हणतात 'सुकणे' करा, सोपं पडेल. शिवाय थर फुटतो म्हणायचं, फाटतो की तुटतो? आणि टेक्स्चर्ड पृष्ठभागाला खडबडीत चालेल का?"

डीवेटिंग म्हणजे पातळ थर पृष्ठभागावर पसरून न राहता आक्रसून थेंबांत गोळा होणं. आता शब्द बघू. निर्जलीकरण आधी खोडा. ते जुलाब लागलेल्या पोराचं होतं, या थरात पाणी औषधालाही नसतं.

सुकणे जास्त फसवं आहे कारण कानाला बरोबर वाटतं. पण नेमकं काय करतात ते बघा. पॉलिस्टायरीन (आपला थर्माकोल ज्याचा बनतो तेच) टोल्यूईन नावाच्या द्रावकात विरघळवतात, सिलिकॉनच्या चकतीवर थोडं ओततात आणि चकती गरागरा फिरवतात, की ते सगळीकडे पसरतं, टोल्यूईन उडून जातं आणि मागे शंभरएक नॅनोमीटरचा किंवा त्याहूनही पातळ थर राहतो. म्हणजे सुकायचं ते इथेच सुकून झालं, डीवेटिंग अजून सुरू पण नाही झालेलं! नंतर तो थर साधारण १०० अंश सेल्सियसच्या वर तापवला की पॉलिस्टायरीन मऊ पडतं (वितळतं लिहू नका, या पॉलिस्टायरीनला ठराविक वितळणबिंदू नसतो), हलायला मोकळं होतं, आणि मग त्याला सिलिकॉनवर पसरून राहायचं नसतं, ते गोळा व्हायला लागतं. सुकण्यात काहीतरी उडून जातं, इथे माल तेवढाच राहतो, फक्त जागा बदलतो. म्हणून माझं मत 'गोळा होणे'. पहिल्यांदा डीवेटिंग लिहा, पुढे बिनधास्त 'थर गोळा होतो' म्हणा. खास संस्कृत नाम पाडायची काही गरज नाही, क्रियापद असताना.

आता फुटणे-फाटणे-तुटणे. आपला ढोबळ हिशोब असा की पसरट ते फाटतं, लांबट ते तुटतं आणि मडक्यासारखं पोकळ ते फुटतं (दूध फाटतं हा अपवाद काढून भांडू नका कृपया). या हिशोबाने तुम्हाला एक नाही, दोन क्रियापदं लागतील. १९९२ मधे गुंटर रायटर या संशोधकाने सिलिकॉनवरच्या १०० नॅनोमीटरपेक्षा पातळ पॉलिस्टायरीनच्या थरांवर जो पेपर लिहिला त्यात हा क्रम छान दिसतो: सपाट थराला आधी गोल गोल भोकं पडतात, भोक मोठं होताना तिथला माल त्याच्या काठावर साचून काठ जाड होत जातो, मग शेजारशेजारच्या भोकांचे काठ एकमेकांना भिडतात आणि बहुभुजांची जाळी तयार होते, आणि शेवटी जाळीचे धागे जागोजागी तुटून थेंब उरतात. म्हणजे थर फाटतो आणि धागे तुटतात. फुटत कुठेच काही नाही.

भोक पडतं का, हेही लेखात येऊ द्या. कधी धुळीचा कण निमित्त होतो, पण थर खूप पातळ असेल तर निमित्त लागतच नाही, व्हॅन डर वाल्स बलांमुळे (रेणूंमधली क्षीण बलं) पृष्ठभागावरच्या बारीक लाटा आपोआप वाढत जाऊन तळाला टेकतात. या दुसऱ्या प्रकारात थराची जाडी दुप्पट केली तर लाटांमधलं अंतर जवळपास चौपट होतं. त्यामुळे थेंबांमधलं अंतर जाडीवरून बरंचसं ठरवता येतं.

खडबडीत मात्र नको. खडबडीत म्हणजे पॉलिश पेपरसारखं, कसंही उंचसखल. इथे पृष्ठभाग मुद्दाम कोरलेला असतो, बहुतेकदा समांतर खाचांचा, आणि त्याला ऊसवाल्यांकडे तयार शब्द आहे: सरी-वरंबा (सरी म्हणजे खाच, वरंबा म्हणजे दोन सऱ्यांमधला उंचवटा). अशा बारीक सऱ्या सीडीवर आयत्या मिळतात, दोन सऱ्यांमधे १.६ मायक्रॉन अंतर, त्यांचा ठसा दुसऱ्या पॉलिमरवर उमटवता येतो. त्यावर थर पसरला की तो वरंब्यावर पातळ बसतो आणि सरीत जाड, त्यामुळे फाटतो तो आधी वरंब्यावर, माल दोन्हीकडच्या सऱ्यांत उतरतो, तिथे लांब धागे होतात, ते तुटतात, आणि थेंब कुठेही न पडता सरीत ओळीने बसतात. थर फारच जाड असेल तर मात्र सरी-वरंब्याला तो जुमानत नाही, सपाटावर जसा वागतो तसाच वागतो. आपल्याकडे कानपूर आणि खरगपूरच्या आयआयटीत यावर भरपूर काम झालंय, कानपूरचे आशुतोष शर्मा (२०१० चा इन्फोसिस पुरस्कार) यातलं मोठं नाव, लेखात त्यांचा उल्लेख हवाच.

पॅटर्नला 'नक्षी' लिहा. आकृतिबंध चुकीचा नाही, पण तो वाचला की मला जीआरमधला कर्मचारी आकृतिबंध आठवतो आणि पुढचं वाक्य रिक्त पदांबद्दल असेल असं वाटतं.

आणि तुम्ही न विचारलेलं आणखी एक, फिल्मला 'पापुद्रा' लिहू नका. पापुद्रा सुटून येतो, सोलता येतो. हा थर खालचा पृष्ठभाग धरूनच आक्रसतो, वर उचलला जात नाही. 'थर' पुरे.