घटकाभर माझ्याबरोबर

प्रश्न : गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री आमच्या मंडळीत दहा ते बारा अशी जागरणाची प्रार्थना असते. दिवसभर घरचे आणि शेतातले काम, त्यात सासूबाई आठ महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेल्या. गेली दोन वर्षे मी प्रार्थनेला बसते आणि पहिले गीत संपायच्या आत माझा डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावरील सात उद्गारांवरचे संदेश ऐकताना आजूबाजूच्या बाया हुंदके देतात, माझ्या डोळ्यांत मात्र पाणी येत नाही. प्रभूच्या दुःखात माझे मन जागे नाही, असे मी समजावे काय?
– एक भगिनी, परतूर तालुका, जि. जालना

उत्तर : ताई, प्रभूमध्ये सलाम. तुमच्या प्रश्नात शरीराची झोप आणि मनाचा कोरडेपणा या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि या दोहोंपेक्षा निराळी अशी एक तिसरी झोप आहे, जिच्याविषयी प्रभूला खरी काळजी होती. येशूला धरून नेले त्या रात्री गेथशेमाने बागेत नेमके काय घडले, ते आधी नीट पाहू.

गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. यरुशलेमेबाहेर किद्रोनचा ओहळ ओलांडला की जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी ही जागा येते. वल्हांडणाचे जेवण झालेले, स्तोत्र गाऊन झालेले, रात्र बरीच चढलेली. वल्हांडण म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसरातून (इजिप्तमधून) सुटकेचा सण; ती रात्र परमेश्वरासाठी जागून पाळावी असे बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे, म्हणून त्या रात्रीचे जागणे शिष्यांना नवीन नव्हते. येशूने बाकीच्या शिष्यांना एका ठिकाणी बसवले, पेत्र, याकोब व योहान या तिघांना पुढे नेले, आपल्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे असे त्यांना उघड सांगितले आणि येथे राहून जागे असा, एवढेच मागितले. रडा असे तो म्हणाला नाही, मला सोडवा असेही म्हणाला नाही. मार्काच्या शुभवर्तमानात हे मागणे ‘जागे राहा’ इतकेच आहे. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ‘माझ्याबरोबर’ हा शब्द नोंदवला आहे, आणि मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात आहे.

आपल्या भाषेत जागर आणि जागल असे दोन शब्द आहेत. जागराला माणसे जमतात, गाणे असते, वाद्ये असतात, रात्र कधी सरली ते कळतही नाही. जागल निराळी. ज्वारी दाण्यात आली की रानडुकरांच्या भीतीने शेतकरी माळ्यावर एकटा बसतो, मधूनच बॅटरीचा झोत टाकतो, हाळी देतो आणि पुन्हा गप्प बसतो. त्या वेळी त्याच्या मनात फार मोठे भाव दाटून आलेले नसतात, डुलकीही लागते, पण तो रान सोडून घरी जात नाही. येशूने त्या तिघांकडे मागितली ती जागल होती, असे मी मानतो.

त्यांना झोप का लागली, याचे कारण तिसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो : दुःखामुळे. प्रेषित पौलाच्या पत्रात लुकाला वैद्य म्हटले आहे, आणि ही नोंद खरोखर वैद्याची वाटते. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मी एकदा रात्री एका आजाऱ्याला भेटायला गेलो होतो. शेजारच्या खाटेजवळ फरशीवर चादर टाकून एक बाई बसल्या बसल्या झोपली होती. तिने आपल्या पदराचे टोक आजारी मुलाच्या मनगटाला सैलसे बांधले होते. सलाईन नसलेला हात होता तो. मुलाने हात हलवला की पदराला ओढ बसे, तिचे डोळे उघडत, ती बाटलीकडे पाही, त्याच्या कपाळावर हात ठेवी आणि पुन्हा मान टेकवी. ती झोपली होती की जागी होती, हे मला आजही ठरवता येत नाही. ताई, तुमची प्रार्थनेतली झोप मी या बाईच्या झोपेजवळ ठेवतो. ‘आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे’ हे प्रभूने रागाने नव्हे, शिष्यांना ओळखून म्हटले आहे.

पण तेवढ्यावर थांबलो तर तुमची समजूत घातल्यासारखे होईल, आणि वचन पुरते सांगितले जाणार नाही. त्याच रात्री थोड्या वेळापूर्वी पेत्र म्हणाला होता की सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. प्रभूने त्याला जागे राहून प्रार्थना करायला सांगितले ते परीक्षेत पडू नये म्हणून. पुढे प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात विस्तवाजवळ हात शेकत असताना ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ असे तो म्हणाला, तेव्हा त्याचे डोळे टक्क उघडे होते. मार्काच्या तेराव्या अध्यायात येशू रात्रीचे चार प्रहर सांगतो : संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट, धनी यांपैकी केव्हाही येईल, म्हणून जागे राहा. आता चौदावा अध्याय आणि पंधराव्याची पहिली ओवी उघडून पाहा. संध्याकाळी भोजन, रात्री बाग, कोंबडा आरवताना पेत्राचा नकार, पहाटे रोमी सुभेदार पिलाताकडे रवानगी. धनी प्रत्येक प्रहरी समोर होता. ज्या झोपेची धास्ती बाळगायची ती ही : दुःखी माणूस समोर असताना आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही असे दाखवणे. तुम्ही आठ महिने सासूबाईंच्या उशाशी आहात, तेव्हा ती झोप तुम्हाला लागलेली नाही.

अश्रूंचे म्हणाल तर ते कोणाला येतात, कोणाला येत नाहीत. त्यावरून विश्वास मोजायला आपल्याला कोणी सांगितलेले नाही, आणि हुंदके देणाऱ्या बहिणींचे रडणे खोटे आहे असेही मनात आणू नका.

या वर्षी एक करून पाहा. मंडळीत दोन तास बसणे जमले नाही तर पाळकांना तसे सांगून घरी या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सासूबाईंना रात्री कूस बदलून देत असाल. त्या वेळी दिवा लावून मार्क १४ मधील ३२ ते ४२ या अकरा ओव्या त्यांना ऐकू जातील अशा मोठ्याने वाचा. वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्या : इतक्या वेदनेत असूनही येशू तीनदा उठून आपल्या मित्रांजवळ आला. शेवटी त्याने त्यांना तिथेच सोडून दिले नाही. ‘उठा, आपण जाऊ’ असे म्हणून झोपलेल्यांनाही त्याने त्या ‘आपण’मध्ये घेतले. वाचून झाले की दिवा मालवा आणि शांतपणे झोपा.

प्रश्न : प्रभू तर पुन्हा उठला आहे आणि गौरवात आहे. मग त्याच्या दुःखात आज सोबत करायची म्हणजे केवळ आठवण काढायची का?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : केवळ आठवण नव्हे. येशूच्या अनुयायांचा छळ करणाऱ्या शौलाला (हाच पुढे पौल) दमिश्काच्या वाटेवर जो आवाज आला तो पुनरुत्थित प्रभूचाच होता, आणि त्याने ‘माझ्या लोकांचा छळ का करतोस’ असे न विचारता ‘माझा छळ का करतोस’ असे विचारले. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातही भुकेला, आजारी, बंदिवान यांच्यासाठी केलेले तो ‘मला केले’ म्हणतो. तुम्ही लातूरला परीक्षेच्या तयारीसाठी राहत असाल, तर निकालाच्या संध्याकाळी आतून कडी लावून बसलेला एखादा मुलगा तुमच्या वसतिगृहात असेलच. त्याचे दार वाजवा. वचन सांगायची घाई करू नका, पुढच्या वर्षीचे बोलू नका. त्याने उघडले तर जेवणाचे ताट आत न्या आणि तो झोपेपर्यंत त्याच्या खोलीत बसा.