बाबांच्या बटनाच्या फोनमधून रोज पैसे कटून राहिले, त्याचं काय करायचं

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. दारव्ह्याजवळच्या खेड्यात बाबा राहतात, साधा बटनाचा फोन आहे, महिन्याचा अनलिमिटेड पॅक तुम्हीच मारून देता, पण वरून पन्नासचा टॉप-अप टाकला की दोन-तीन दिवसात गायब, आणि कस्टमर केअरवाले म्हणतात सर्व्हिस तुमच्याच नंबरवरून चालू झाली, पैसे परत मिळणार नाही. म्हणून तुम्ही म्हणून राहिले की सिम फेकतो आणि नवीन घेऊन टाकतो.

सिम फेकू नका. हे सगळ्यात आधी. बाबांचा नंबर बँकेत आहे, आधारला आहे, पीएम किसानला आहे, पीक विम्याचा मेसेज त्याच्यावरच येते. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला देऊन टाकते, मग बाबांचा ओटीपी कोणत्या गावात कोणाच्या फोनवर वाजन सांगता येत नाही, आणि तुम्ही बँक, सेतू केंद्र अन् तहसीलच्या चकरा मारत बसाल. पन्नास रुपयाच्या भांडणात एवढं नुकसान काहून करून घेता. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करा, नंबर तोच राहते, पण पोर्ट केल्यावर उरलेला बॅलन्स जाते आणि आधी कटलेले पैसेही कोणी आपणहून आणून देत नाही, म्हणून तक्रार आधी टाका.

आता हे होते कसं ते समजून घ्या, कारण कस्टमर केअरचं उत्तर त्याच्यावरच टिकून आहे. बटनाच्या फोनवर कंपनीचे मेसेज इनबॉक्समध्ये न जाता सरळ स्क्रीनवर उघडते, क्रिकेट, राशिभविष्य, भजन, कॉलर ट्यून असं काहीतरी, खाली एका कोपऱ्यात ओके आणि दुसऱ्या कोपऱ्यात कॅन्सल. बाबा वावरात आहे, हात मातीचे आहे, फोन सदऱ्याच्या खिशात, कीपॅडला लॉक नाही. फोन वाजला म्हणून काढला की अंगठा ओकेवरच पडते. काही वेळा रेकॉर्ड केलेला कॉल येते, ही ट्यून ठेवायची असेल तर अमुक बटन दाबा, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही तो कॉल बंद करायला जाते आणि भलतंच दाबते. आणि अनलिमिटेड पॅकमुळे कोणाला समजतही नाही, कारण हे पैसे पॅकमधून नाही तर मेन बॅलन्समधून कटते. बॅलन्स शून्य असला तरी सर्व्हिस मरत नाही, नुसती पडून राहते, तुम्ही टॉप-अप मारला की ती तो खाऊन टाकते. म्हणून तुम्हाला वाटते की टॉप-अप केल्यावरच गडबड होते.

पण बटन दाबलं गेलं म्हणजे संमती झाली असं कायद्यात नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जुलै २०१३ मध्ये सगळ्या कंपन्यांना आदेश दिला की अशी कोणतीही सर्व्हिस चालू करायला ग्राहकाची दोनदा संमती लागते. पहिली मागणी, आणि त्यानंतर वेगळी दुसरी खात्री. चालू झाल्यावर सर्व्हिसचं नाव, किती दिवसाची, किती पैसे आणि बंद कशी करायची याचा मेसेज पाठवणंही त्यांच्यावर आहे. म्हणजे "तुम्हीच चालू केली" असं म्हणून त्यांची सुटका होत नाही, दोन्ही संमतीची नोंद दाखवायचं काम त्यांचं आहे, बाबांनी दाबलं नाही हे सिद्ध करायचं काम तुमचं नाही. आपल्याकडे लोक इथंच मार खातात, समोरचा माणूस शुद्ध भाषेत भराभर बोलते आणि आपला माणूस म्हणते असन बा, दाबलं असन, आणि फोन ठेवून देते. ठेवायचा नाही.

आज घरी गेल्यावर बाबांच्याच फोनवरून १५५२२३ वर इंग्रजीत स्टॉप लिहून पाठवा. हा नंबर सगळ्या कंपन्यांना एकच आहे आणि फुकट आहे, फोन लावला तरी चालते. चालू असलेल्या सर्व्हिसची यादी येईन, एकेक करून सगळ्या बंद करा, पण बंद करायच्या आधी ती यादी कागदावर उतरवून घ्या किंवा तुमच्या मोबाईलनं तिचा फोटो काढा. लोक घाईघाईत बंद करतात आणि मेसेज डिलीट मारतात, मग तक्रारीत सर्व्हिसचं नावच सांगता येत नाही. इंटरनेट लागतच नसेल तर १९२५ वर स्टॉप पाठवून डेटाही बंद करून टाका. आणि जाहिरातीचे फोन अन् मेसेज थांबवायला १९०९ वर डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे मला त्रास देऊ नका) टाकून द्या, त्यानं कंपनीचा सगळाच त्रास जाते असं नाही, पण बराच कमी होते.

मग तक्रार. तक्रारीसाठी १९८ लावा, १२१ नाही, १२१ हा माहितीचा नंबर आहे, तिथं बोललेलं बहुतेक वेळा तक्रार म्हणून चढतच नाही. १९८ वर मराठीत बोला, गडबड करू नका, आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय फोन सोडू नका. तो मेसेजनंही यायला पाहिजे. बाबांच्या नावानं सिम नसेल, गावात लय वेळा ते भावाच्या नाहीतर जावयाच्या नावानं असते, तर ज्याच्या नावानं आहे त्याला बाजूला बसवून बोला, नाहीतर तिथंच अडवतात. आपल्या नावानं किती सिम आहे हे सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर ज्याचं त्याला पाहता येते.

फोनसोबत ईमेल पण टाका, साध्या मराठीत, असं: "हा नंबर माझ्या वडिलांचा आहे. अमुक तारखेपासून अमुक नावाच्या सर्व्हिससाठी पैसे कापले गेले. ही सर्व्हिस आम्ही मागितलेली नाही. ती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गानं चालू झाली, आणि पहिली व दुसरी संमती कशी घेतली याची नोंद द्या. नोंद नसेल तर कापलेले सगळे पैसे परत करा. डॉकेट नंबर अमुक." एवढंच. रागाचं, शिव्याशापाचं काही लिहू नका, त्या नोंदीच्या मागणीतच सगळा जोर आहे, बरेचदा ती लेखी मागितली की पैसे परत यायला लागतात.

कटलेल्या पैशाचा हिशोब तुमच्याकडे नसेल तर प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यापर्यंतचा तपशील मागता येते, त्याचे पन्नास रुपयापेक्षा जास्त घेता येत नाही. हे दुकानदार सांगत नाही आणि कस्टमर केअरवालेही सांगत नाही, पण ट्रायच्या २०१२ च्या नियमात आहे.

पैशाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे लागू शकतात. मान्य झाली की आठवडाभरात पैसे जमा व्हायला पाहिजे. नाही म्हटलं किंवा उत्तरच आलं नाही तर तीस दिवसाच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं, फी नाही, ईमेलनं होते, आणि त्यांना ३९ दिवसात निकाल द्यावा लागते. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाईटवर सर्कलप्रमाणे, म्हणजे टेलिफोनच्या विभागाप्रमाणे, असते, आपला विदर्भ महाराष्ट्र सर्कलमध्ये येते, मुंबईचं सर्कल वेगळं आहे, चुकीच्या पत्त्यावर अपील गेलं तर दिवस वाया जाते. ट्रायला पत्र पाठवून बसू नका, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंदवून ठेवा.

तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपन्या आधी म्हणायच्या की टेलिफोनचं भांडण ग्राहक कोर्टात चालतच नाही, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की चालते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथंच केस टाकता येते, म्हणजे यवतमाळलाच, पाच लाखाच्या आतल्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतेच असं नाही, दोन वर्षाची मुदत आहे. पन्नास रुपयासाठी कोण जाईन हे खरं आहे, पण त्यांचा सगळा धंदा याच भरवशावर आहे की कोणी जाणार नाही.

आणि हे फक्त ट्यूनपुरतं समजू नका. २०१७ मध्ये एका मोठ्या कंपनीनं सिम आधारशी जोडायला आलेल्या लोकांची पेमेंट बँकेत खातीच उघडून टाकली होती, लाखो लोकांची गॅसची सबसिडी त्या खात्यात गेली आणि लोक आपल्या बँकेत पासबुक भरून पाहत बसले. डिसेंबरमध्ये यूआयडीएआयनं, म्हणजे आधार चालवणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्या कंपनीचं आधार व्हेरिफिकेशन थांबवलं तेव्हा पैसे परत वळले. म्हणून बाबांनी दुकानात अंगठा लावला की कशासाठी लावला हे विचारत जा.

एक सांभाळा, कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. तिथं खोटे नंबर बसलेले आहे, रिफंड देतो म्हणून ओटीपी मागतात नाहीतर ॲप टाकायला लावतात. १९८ बाबांच्याच फोनवरून लावायचा, बस.

आणि पुढच्या रिचार्जला इंटरनेटचा पॅक घेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले, दुकानदाराला ठासून मागा, तो आपणहून काढत नाही. मेन बॅलन्स जेवढा कमी ठेवता येईन तेवढा ठेवा, कीपॅडला लॉक लावून द्या, आणि फोनच्या मेनूत सिमच्या नावाचं जे खातं असते त्यात जाऊन ते स्क्रीनवर उघडणारे मेसेज बंद करा, बहुतेक सिममध्ये तशी सोय असते.

१५५२२३ ची यादी आली की सर्व्हिसची नावं इथं टाका, बाबांचा नंबर मात्र टाकू नका. अपिलाचं पत्र मी लिहून देतो.