वाचकांचे प्रश्न : समुद्री माशांवरचे चपटे कृमी

प्रश्न : समुद्रातून पकडून आणलेला एंजल मासा दगडांवर अंग घासू लागला, डोळे धुरकट झाले. पाच मिनिटं गोड्या पाण्यात ठेवल्यावर अंगावरून तिळाएवढे पांढरे कण गळले. मासा बरा वाटला, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. चूक कुठे झाली?

उत्तर : गोड्या पाण्याचा उपाय बरोबरच होता, तो फक्त अर्धा होता. गळलेले कण म्हणजे निओबेनेडेनिया किंवा त्याच्या कुळातले कृमी. जिवंत असताना ते पारदर्शक असतात. गोड्या पाण्यात पांढरे पडले की मगच दिसतात. मागे राहिली ती अंडी. प्रत्येक अंड्याला लांब दोरा असतो आणि तो वाळूत, जाळीत, फिल्टरच्या स्पंजात गुंततो. कवच टणक असल्यामुळे गोडं पाणी असो वा औषध, अंड्यांचं काही बिघडत नाही. २५-२६ अंश सेल्सिअसला ती पाचव्या-सहाव्या दिवसापासून फुटू लागतात, पिल्लू पोहत जाऊन माशाला चिकटतं आणि दहाएक दिवसांत स्वतः अंडी घालू लागतं. त्यात हा कृमी उभयलिंगी, स्वतःचं फलन स्वतः करू शकणारा. एक उरला तरी पुरतो. खुल्या समुद्रात बहुतेक पिल्लांना मासा सापडतच नाही, म्हणून पकडताना मासा ठणठणीत असतो. टाकीत मात्र तो हाताशीच असतो.

यावर औषध प्राझिक्वांटेल, लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम. हिशोब दगड-वाळू वजा करून उरलेल्या पाण्याचा करा. पावडर सहज विरघळत नाही, तेव्हा टाकीतल्याच पाण्यात बाटलीत खळखळून मग ओता. फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवा. हवेचा जोर मात्र वाढवायलाच हवा: काही जिवाणू औषधावरच वाढतात, पाणी गढूळ होतं, प्राणवायू घटतो आणि औषधाने मेला असं वाटणारा मासा खरं तर गुदमरून मरतो. दुसरी मात्रा आठव्या दिवशी, तिसरी पंधराव्या दिवशी. प्रत्येकीआधी पाव हिस्सा पाणी बदला. हे सगळं वेगळ्या टाकीत करा, कारण प्रवाळाच्या टाकीतले नळीकृमीही या औषधाने मरू शकतात. मासा हलवला तरी मुख्य टाकीतली अंडी तिथेच राहतात, म्हणून तिथल्या सगळ्याच माशांना बाहेर काढून उपचार द्यावे लागतात.

गोड्या पाण्याबद्दल एवढंच : क्लोरीन नको, तापमान टाकीइतकंच, खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालून पीएच ८.२ च्या आसपास, आणि आधी तासभर हवा सोडलेली. बादली काळी घ्या, पांढरे कृमी लगेच दिसतात. मासा सुरुवातीला आडवा पडला तर घाबरू नका, पण कल्ल्यांची हालचाल मंदावली तर लगेच बाहेर काढा.

प्रश्न : टाकीतल्या पिवळ्या टँग माशावर काळे ठिपके आहेत. कॉड माशावर दिसतात तेच का हे?

उत्तर : नाही. कॉडवरचे ठिपके बहुधा क्रिप्टोकोटायल लिंग्वा या पर्णकृमीचे. तो आधी समुद्री गोगलगायीत वाढतो, मग माशाच्या कातडीत शिरतो आणि मासा त्याच्याभोवती काळं रंगद्रव्य साठवतो. पुढे मासा समुद्रपक्ष्याने किंवा एखाद्या सस्तन प्राण्याने खाल्ला तरच चक्र पूर्ण होतं, म्हणून एका माशावरून दुसऱ्यावर तो थेट जात नाही. टँगवरचे ठिपके वेगळ्या चपट्या कृमीचे : तो मासा सोडून तळाच्या वाळूत उतरतो आणि तिथे पिल्लं सोडतो. म्हणून माशाला गोड्या पाण्यात ठेवण्याबरोबर तळाची वाळूही उपसून साफ करावी लागते, नाहीतर ठिपके वाढतच जातात.

प्रश्न : माशाच्या मांसात शेवयांसारखे पांढरे कृमी निघाले. खावा का?

उत्तर : बहुधा ट्रायपॅनोरिंका गटातल्या पट्टकृमींच्या अळ्या; प्रौढ कृमी शार्क आणि पाकटांच्या आतड्यात राहतात, माणसात नाही. काढून टाका आणि मासा आतपर्यंत ६३ अंशांना शिजवा. जपायला हवं ते कच्च्या पॅसिफिक सामनला, त्यातला पट्टकृमी माणसाच्या आतड्यात वाढतो. कच्चा खायचा तर उणे २० अंशांना ७ दिवस गोठवलेला घ्या. लिंबाच्या रसात मुरवून भागत नाही.