सात महिन्यांचं बाळ कडेवरच झोपतं आणि रात्री दर तासाला उठतं. त्याला रडत न ठेवता झोपेची सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की बाळ फक्त कडेवर झोपतं, खाली ठेवलं की डोळे उघडतं आणि रात्रीतून सहा-सात वेळा उठतं. माझी मुलगी सातव्या महिन्यात हुबेहूब अशीच होती, म्हणून सविस्तर लिहिते.

बाळ उठतं यात त्याचं काही चुकत नाही, तुमचंही नाही. या वयात झोपेचं एक चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं. चक्र संपलं की आपणही क्षणभर जागे होतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो; सकाळी आठवतसुद्धा नाही. बाळाला मात्र झोप लागताना तुमचा खांदा होता, हेलकावे होते आणि जाग आली तेव्हा खाली नुसती गादी. ते घाबरून तुम्हाला हाक मारतं. हे समजल्यावर माझी चिडचिड निम्मी कमी झाली.

त्यामुळे सुरुवात रात्री दोन वाजता करू नका. संध्याकाळी पहिली झोप लागते, तिथून करा. आम्ही आधी दूध, मग कपडे बदलणं, मग मंद उजेडात तेच एक गाणं, असा क्रम रोज ठेवला. दूध मुद्दाम सुरुवातीला घेतलं, म्हणजे पिता पिता झोप लागत नाही. मग तिला कडेवर घेऊन फिरायचे, पण डोळे जड झाले की पूर्ण झोपायच्या आत खाली ठेवायचे. ठेवताना आधी पाय टेकवायचे, मग पाठ, शेवटी डोकं. हात लगेच काढायचा नाही, तळवा तिच्या छातीवर हलकाच राहू द्यायचा. रडली की उचलायचं, शांत करायचं, पुन्हा ठेवायचं. पहिल्या रात्री अकरा वेळा उचललं. चौथ्या रात्री चार वेळा. पुढे थोपटणं हळूहळू संथ केलं, मग नुसता हात, मग नुसतं शेजारी बसणं. याला जवळजवळ तीन आठवडे लागले. एका टप्प्यावर दोन-तीन दिवस थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. बाळं झोपेतच कण्हतात, हातपाय झाडतात, एखादी किंकाळीही मारतात आणि डोळे मिटलेलेच असतात. मी पहिल्या आवाजाला धावायचे आणि झोपलेल्या पोरीला मीच उठवायचे! आवाज आला की जरा थांबा, कान देऊन ऐका. कुरकुर विरत चालली असेल तर हात लावू नका. वाढत चालली, खरं रडणं सुरू झालं, तर लगेच जवळ घ्या. एवढं थांबणं म्हणजे रडत ठेवणं नव्हे.

दिवसभर दमवलं की रात्री छान झोपेल, हा समज मनातून काढून टाका. अति थकलेलं बाळ जास्त किरकिरतं आणि जास्त वेळा उठतं. चार महिने ते एक वर्ष या वयात दिवसाची धरून एकूण १२ ते १६ तास झोप लागते. सात महिन्यांचं बाळ एका वेळी साधारण दोन ते तीन तास जागं राहू शकतं. डोळे चोळू लागलं की आवरायला घ्या. सकाळी भरपूर उजेडात न्या. रात्री पाजताना बोलणं नको, मोठा दिवा नको.

भूक मात्र भूकच असते. या वयात रात्री एक-दोनदा दूध लागणं अगदी स्वाभाविक आहे, ते तोडू नका.

हे सगळं करताना बाळाला झोपवायचं ते पाठीवरच, कडक सपाट गादीवर. उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी काही नको. तुमच्याच खोलीत पण त्याच्या स्वतःच्या जागेवर. स्वतःहून दोन्ही बाजूंना पालथं-उताणं होत असेल तर झोपेत पालथं झाल्यावर परत फिरवत बसायची गरज नाही, पण कपड्यात गुंडाळून झोपवणं एव्हाना थांबलेलंच हवं. आणि कितीही थकलात तरी बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी काढू नका. ते सगळ्यात धोक्याचं आहे. बाळ झोपेत घोरत असेल, श्वास मध्येच अडकल्यासारखा वाटत असेल, वजन वाढत नसेल किंवा आडवं ठेवताच कळवळून रडत असेल, तर सवयी बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

दात येताना, रांगायला लागल्यावर गाडी पुन्हा मागे येते. आमची नवव्या महिन्यात आली, मी खोलीबाहेर पाऊल टाकलं की रडायची. तेव्हा सगळा क्रम पहिल्यापासून केला आणि आठवड्याभरात बसला.

आणि हे एकटीने किंवा एकट्याने करू नका. आम्ही रात्र वाटून घेतली होती, एक वाजेपर्यंत बाबा, नंतर मी. सुरुवातीला त्याच्या हातून ती शांतच व्हायची नाही आणि मी दाराशी तळमळत उभी असायचे. पाचव्या रात्री त्याने मला झोपायला पिटाळलं. सकाळी कळलं की साडेबाराला ती उठली होती आणि छातीवर त्याचा हात आल्यावर पुन्हा झोपली होती.