मुलीला नॅशनल ऑनर सोसायटीचं बोलावणं आलंय, जॉइन करावं का?

ताई, जॉइन करू द्या, पण कॉलेज ॲडमिशन त्यावर होईल असं डोक्यात ठेवू नका. अभ्यासात आणि समाजसेवेत पुढे असणाऱ्या हायस्कूलच्या मुलांची ही सोसायटी १९२१ पासून आहे आणि अमेरिकेत हजारो हायस्कूलमध्ये तिचे चॅप्टर आहेत, त्यामुळे चांगल्या कॉलेजला अर्ज करणाऱ्या ढीगभर मुलांकडे हे असतंच. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, ॲक्टिव्हिटीच्या १० जागा असतात, त्यातली एक भरते, बस. मेंबर व्हायला किमान जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ४ पैकी ३.० लागतो, बऱ्याच शाळा त्याहून जास्त मागतात, शिवाय सेवा, नेतृत्व आणि स्वभावही बघतात.

खरा फायदा मेंबर म्हणून भराव्या लागणाऱ्या समाजसेवेच्या तासांचा, आणि हे मी मनापासून सांगतेय. माझी लेक तास भरायचे म्हणून दर शनिवारी लायब्ररीत चौथीच्या एका मुलाला अपूर्णांक शिकवायला जायची, सुरुवातीला कुरकुरतच, मग एकदा घरी येऊन पोळीचे तुकडे करून मला दाखवायला लागली की आई त्याला असं समजावलं की लगेच कळतं, आणि तास पूर्ण झाले तरी ती वर्षभर जात राहिली. अर्जातल्या निबंधातही तिने तेच लिहिलं.

फक्त एक बघा, बोलावणं शाळेकडूनच आलंय ना? घरी परस्पर पत्र पाठवून मेंबरशिपचे पैसे मागणाऱ्या इतर सोसायट्याही असतात, त्यांच्यात आणि हिच्यात गल्लत करू नका, शंका असेल तर शाळेच्या काउन्सेलरला विचारा. आणि तुमची लेक आधीच रोबोटिक्स, ऑर्केस्ट्रा, तीन एपी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) यात पिचलेली असेल तर नाही म्हणाली तरी काही बिघडत नाही, तिला झोप मिळू द्या.